फर्नांदो कोणी पाहिला?

सतरावी ओळ माझीच आहे. मागच्या वर्षी मी ती लिहिली आणि वडिलांच्या जुन्या ट्रेडल छापयंत्रावर स्वतः छापली. तिच्यामुळेच या डिसेंबरात मला कोल्हापूरहून घाट उतरून मालवणला जावं लागलं. परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी बोटांना तिरफळाचा वास येतोय असं वाटतं.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती वडिलांनी छापलेल्या पत्रकांवर: हुंडा घेऊ नका, अंगात येणं हा आजार आहे, आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं. वडिलांनी आडनाव टाकलं आणि मी आईचं नाव लावलं. मी मुक्ता सुलभा. मागच्या वर्षी 'आडनाव पुसा' नावाची सोळा पानी पुस्तिका मी काढली. तिच्या नवव्या पानावरची सतरावी ओळ अशी होती: "फर्नांडिस, डिसोजा ही आडनावं म्हणजे जेत्याने पाठीवर उमटवलेले डाग आहेत, ज्याच्या पाठीवर डाग आहे त्याने तो पुसावा, नाहीतर समाजाने पुसावा."

लिहिताना फार बरं वाटलं होतं. मी तोवर एकाही फर्नांडिसच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

मग फोनवर एक निरोप आला. "ताई, तुमची सतरावी ओळ आमच्या घरात शिरली आहे. सासरे तीन दिवस नीट जेवलेले नाहीत. जत्रेआधी एकदा या आणि ती बाहेर काढा. राहायची सोय आहे. येताना बाजारातून बांगडे आणा. रोझी फर्नांडिस."

मालवण, बुधवार

एस.टी. स्टँडवरून चालत मासळी बाजारात गेले. ओल्या फरशीवर बायका पाट मांडून बसल्या होत्या. मी बांगड्यांच्या एका टोपलीपाशी थांबले.

"खंयची गो तू?" कोयता पुसत बाईने विचारलं.

"कोल्हापूरची."

"आडनाव काय?"

घाट उतरून दोन तास झाले नव्हते, आणि आलाच तो प्रश्न. मी ताठ उभी राहिले. "आडनाव लावत नाही मी. मुक्ता सुलभा. सुलभा माझी आई."

पुढचं भाषण तयार होतं. पण तिने मान हलवली. "म्हणजे सुलभाचां चेडू. बरां झालां. आता सुलभाच्या चेडवान सांगूचां, बांगडे साफ करून व्हये काय तसेच?"

चेडू म्हणजे मुलगी. भाषण तसंच गिळून मी म्हटलं, "साफ करून."

रिक्षा खाडीवरचा पूल ओलांडून गावात शिरली. गावाचं नाव मी लिहीत नाही. माझ्या एका ओळीने त्याला पुरेसा त्रास दिलेला आहे. फर्नांडिसांच्या अंगणात चुना लावलेल्या चौथऱ्यावर पांढरा क्रूस होता. शेजारच्या अंगणात तसाच चौथरा, वर तुळस. दोन्ही एकाच गवंड्याने बांधलेत असं रोझीने सांगितलं. तो नवा साचा करायला कंटाळायचा, म्हणून फक्त वरचं टोक बदलायचा.

रोझी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा जहाजावर. ती घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. तिचे सासरे इनासबाबा पायरीवर बसून नारळ सोलत होते. गुडघ्यापर्यंत पंचा, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच ती? माका वाटलां मोठी बाई आसतली. ह्यां तर चेडू."

"बाबा!" रोझी ओरडली.

"काय बाबा? बांगडे हाडलेत मां तेणी? मगे बस गो."

दुपारी बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. आमच्या कोल्हापुरी रश्शाचं तिखट समोरून येऊन मारतं. इथलं तिरफळ आधी जीभ बधिर करतं आणि मग हळूच तिखट सांगतं. मी नाक पुसत राहिले. म्हाताऱ्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. रोझीने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

काय झालं होतं

रोझीने मागच्या पडवीत बसून सगळं सांगितलं.

गावात सातेरीचं देऊळ आहे. जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला दीपमाळेवर पहिली पणती लागते. ती मातीची पणती परबांच्या घरातून येते, वात गावड्यांच्या घरातून आणि तेल फर्नांडिसांच्या घरातून. फर्नांडिस रविवारी चर्चमध्ये जातात, आणि वर्षातून एकदा देवळाच्या पायरीपर्यंत तेल नेऊन देतात. आत जात नाहीत, प्रसाद घेत नाहीत. पणती लागली की गाऱ्हाणं होतं. गावाच्या वतीने देवीशी बोलणारा घाडी एकेक वाक्य मोठ्याने म्हणतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार देतो. त्या गाऱ्हाण्यात फर्नांडिसांचं नाव येतं.

यंदा देवळाच्या समितीत सुधाकर मास्तर आले. निवृत्त शिक्षक, वाचणारा माणूस. बैठकीत त्यांनी माझी पुस्तिका उघडली आणि सतरावी ओळ वाचून दाखवली. हे नाव परक्याने दिलेलं आहे, मग देवीपुढे ते कशाला? तेल घ्या, पण नाव मूळचं घ्या. इनासबाबांनी मूळचं आडनाव कळवावं, नाहीतर यंदा नाव घेतलं जाणार नाही.

"मग बाबा काय म्हणाले?"

उत्तर पडवीच्या दारातून आलं. म्हातारा तिथे कधी येऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. "मी म्हटलंय, नाव नाय तर तेल नाय. निनावी तेल देवक मी काय चोर आसंय?"

"पण बाबा," मी धीर करून म्हटलं, "तुमचं मूळचं आडनाव होतं तरी काय?"

"कोणाक म्हायत! आमी गोव्याच्या बारदेसातसून होडयेन इलों. ह्या गावान जमीन दिली, माड लावले, पयल्या नारळांचां तेल देवयेक दिलां. इलों तेवा फर्नांडिसच होतों. तेच्या आदी कोण? कोण म्हणता परब, कोण म्हणता गावडे. परब म्हटलां तर परब रागावतले, गावडे म्हटलां तर गावडे हसतले. तूच सांग, खंयचां घेव?"

पुस्तिकेत मी जेत्याच्या नावाबद्दल लिहिलं होतं. ते पुसल्यावर खाली काय उरतं, याचा विचार केला नव्हता. खाली जात उरते. फर्नांडिस पुसायचं तर परब की गावडे, हे आधी ठरवावं लागणार. जे विचारू नका म्हणून आमच्या घराने आयुष्यभर पत्रकं वाटली, तेच आता माझी पुस्तिका हातात घेऊन एका म्हाताऱ्याला विचारलं जात होतं.

"तुमच्यात तरी जात नाही," मी आधार शोधत म्हटलं.

म्हातारा हसला. "आसा गो. लग्नां जमयताना बघ. नाव बदललां म्हणान ता जाता काय? लपोवचां कित्याक?"

तीच संध्याकाळ, पडवीत

दुसऱ्या खोलीत लुसिया नावाची स्पॅनिश मुलगी उतरली होती. मालवणला पाण्याखाली बुडी मारायला शिकायला आलेली. तिचं आडनाव फर्नांदेझ. गोव्यातून येताना इन्सुलीच्या नाक्यावर पासपोर्ट पाहून एकाने तिला विचारलं होतं, "फर्नांडिस? मगे तुमी हंयच्याच की!" म्हणूनच फर्नांडिस ही पाटी दिसताच तिने रोझीची खोली घेतली होती.

मला वाटलं, आता मूळ सापडलं. खुद्द त्या भूमीतली मुलगी. मी इंग्रजीत विचारत गेले आणि इनासबाबांना मराठीत सांगत गेले.

तिने सांगितलं, फर्नांदेझ म्हणजे फर्नांदोचा मुलगा, बस. स्पेनमध्ये शेवटी 'एझ', शेजारच्या पोर्तुगालमध्ये 'एस'. एकाच झाडाच्या दोन फांद्या. इथे आले ते पोर्तुगीज, म्हणून इथे फर्नांडिस. फर्नांदो हे नावही मूळचं स्पेनचं नाही. उत्तरेकडून आलेल्या गॉथ लोकांनी ते आणलं. त्यांच्या भाषेत अर्थ काहीसा असा: प्रवासाला धीट. पुढे राजांनी ते धरलं, राजांचं पाहून प्रजेने पोरांना ठेवलं, आणि पोरांच्या पोरांचं आडनाव झालं. मग गलबतांतून ते समुद्रापार गेलं. अमेरिकेत तर ते गावोगाव आहे. तिथल्या कितीतरी लोकांना त्यांचं मत न विचारताच ते मिळालं, असं सांगताना तिचा आवाज जरा उतरला.

"आणि तुझ्या गावात?"

तिचं गाव अस्तुरियासमध्ये, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर. हिरवे डोंगर, सतत पाऊस, मासे, घराघरात सफरचंदाची दारू. "फर्नांदेझ? माझ्या वर्गात आम्ही पाच जणी होतो. शिक्षिका आम्हाला आईच्या आडनावाने ओळखायची." त्यांच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं. लग्न झालं तरी बाई आपली दोन्ही जवळ ठेवते.

हे ऐकून रोझी पोळपाट बाजूला ठेवून बाहेर आली. "म्हणजे मी तिथे असते तर अजून माहेरची लोबोच असते?"

"लोबो म्हणजे आमच्याकडे लांडगा," लुसिया म्हणाली.

"ता बरोबर आसा," इनासबाबा म्हणाले, "तिचो बापूस तसोच होतो." रोझीने त्यांच्या पाठीत चापट मारली. बऱ्याच दिवसांनी ते घरात पहिल्यांदा हसले असावेत, कारण ती चापट मारून झाल्यावरही त्यांच्याकडे बघत राहिली.

मग ते गंभीर झाले. "तिका विचार, हो फर्नांदो कोण होतो? राजा काय पाद्री? कोणी बघल्यान तेका?"

मी विचारलं. लुसियाने खांदे उडवले. कुणालाच माहीत नाही. कुठल्यातरी गावातला कुणीतरी फर्नांदो. प्रत्येक गावात वेगळा.

म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "थंय पण म्हायत नाय, हंय पण म्हायत नाय! आणि सुधाकर मास्तराक सगळां म्हायत!"

इकडच्या बाजूचा इतिहास मला ठाऊक होता, आणि तो खोटा नाही. गोव्यात बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं, नाहीतर साक्षीला उभ्या राहिलेल्या पोर्तुगिजाचं आडनाव लोकांना मिळालं. एकेका दिवशी वाडीच्या वाडी फर्नांडिस झाली. त्यात सगळेच काही हसत गेले नसणार. त्यावर मला अजून राग येतो, आणि तो मला सोडायचाही नाही. पण तो राग मी ज्याच्यावर ओतला होता, तो माझ्यासमोर उद्याच्या माशांचं काय करायचं हे सुनेला सांगत बसला होता.

गुरुवार

सकाळी सुधाकर मास्तरांकडे गेले. मी चिडूनच गेले होते. त्यांनी दारातच हात जोडले.

"मुक्ताताई! तुमी स्वतः इलात! अगे, च्या टाक. ह्योच त्यो लेखिका."

टेबलावर माझी पुस्तिका. पानापानावर लाल रेघा, समासात 'उत्तम', 'विचार करावा', 'शंभर टक्के'. माझ्या पुस्तिकेचा इतका मन लावून वाचणारा वाचक मला आजवर भेटला नव्हता. खरं सांगायचं तर माझा अर्धा राग तिथेच विरघळला, आणि त्याची लाज वाटली.

"मास्तर, सतरावी ओळ मागे घ्या."

"मी कशी मागे घेव? ओळ तुमची. तुमी लिवलास ता खोटां काय?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"अर्ध्यार तुमी आपलां नाव कशां घातलास?" त्यांनी अगदी शिक्षकाच्या आवाजात विचारलं. मग ते प्रमाण मराठीत आले. गावात कार्यालयीन बोलणं त्यात होतं. "ताई, माझा इनासबाबांवर राग नाही. आम्ही एका बाकावर बसलो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तुम्हीच लिहिलंय, त्याने पुसलं नाही तर समाजाने पुसावं. समाज म्हणजे कोण? आम्हीच ना?"

या वाक्यानंतर मला चहा गेला नाही. ओळीचा पहिला अर्धा भाग कदाचित वादाचा होता. दुसरा अर्धा भाग धोकादायक होता, आणि तो मी केवळ ओळीला जोर यावा म्हणून जोडला होता.

निघताना मी त्यांचं पूर्ण नाव विचारलं, पुढची पुस्तिका पाठवायला. सुधाकर परब. म्हणजे पणती यांच्याच घरची.

देवळाच्या आवारात घाडी फुलं निवडत बसले होते. साठीचे, बारीक, डोळे मिचकावत बोलणारे. मी मुक्ता सुलभा, असं सांगून विचारलं, फर्नांडिसांचं नाव घेणार का?

"समितीक समितीचां काम, माका माझां. बापसान शिकवल्यान तसां मी म्हणतलंय. पण एक आयक. मी म्हटलंय म्हणान वाक्य उभां रवणा नाय. गाव 'व्हय' म्हणालो तर उभां. गाव गप रवलो तर ता वाक्य थंयच पडलां."

"असं कधी पडलंय?"

"माज्या बापसाचां एकदा पडलां. तेनी परत कधी गाऱ्हाणां घातल्यान नाय." त्यांनी एक पाकळी बाजूला टाकली. "म्हणान जपान बोलूचां लागता."

घरी येऊन मी इनासबाबांना म्हटलं, "उद्या मी लोकांसमोर उभी राहते. सांगते की चूक माझी आहे."

"देवळात भाषण नको," ते म्हणाले. "तुजी एक ओळ इतकी जड झाली. भाषण खंय ठेवूचां?"

जेवण झाल्यावर ते फळीवरचा पितळी तांब्या काढून चिंचेने घासायला बसले. तेल द्यायचं ठरलंय का, हे विचारायची हिंमत रोझीलाही झाली नाही.

शुक्रवार, जत्रा

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. पुढे तांब्या घेऊन इनासबाबा, स्वच्छ पांढरा सदरा घातलेले. मागे रोझी, रोझीचाच पंजाबी ड्रेस घातलेली लुसिया, आणि मी. वाटेवर खाज्याची दुकानं लागली होती. गूळ आणि आल्याचा वास सुटला होता. लोक म्हाताऱ्याला वाट देत होते, पण नेहमीसारखी हाक कुणी मारत नव्हतं. रोझी हळूच म्हणाली, "नाव घेतलं नाही तर बाबा यापुढे तेल देणार नाहीत. आणि पुन्हा कधी या वाटेला येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या आणि तांब्या छातीशी धरून उभे राहिले. घाडींनी हात पुढे केला. म्हातारा क्षणभर थांबला, आणि तांब्या दिला. मास्तर समितीच्या रांगेत, हाताची घडी घालून. पणती त्यांच्या पुतण्याने आणलेली. गावड्यांच्या बाईने वात ठेवली. तेल ओतलं. ज्योत धरली.

"गे आई सातेरी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं आवार एकदम बोललं. माझ्या अंगावर काटा आला. मी देव मानत नाही. काटा विचारून येत नाही.

"आज जो काय सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयसून इललीं, गोव्यासून इललीं, दर्यार गेललीं, सगळीं तुजी लेकरां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घाडींनी वेग वाढवला. प्रत्येक हुंकाराच्या शेपटावर पुढचं वाक्य चढत होतं. लहान पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांची तोंडं त्या लयीला लागली होती. आणि मग एका दमात:

"परबाच्या घरातली पणती, गावड्याच्या घरातली वात, फर्नांडिसाच्या घरातलां तेल, ह्या तिगांची मिळान एकच ज्योत लावली हा, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मास्तरांकडेच बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. जन्मभराच्या सवयीने ते सगळ्यांबरोबर, आणि आपल्या घरच्या पणतीसाठी जरा जास्तच मोठ्याने, 'व्हय' म्हणून बसले होते. कळलं तेव्हा वाक्य उभं राहिलेलं होतं.

इनासबाबा पायरीखाली खाली मान घालून उभे होते. रोझीने त्यांचा हात धरला.

गाऱ्हाणं संपलं असं मला वाटलं. घाडींनी एकदा माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"आणि कोल्हापुरसून सुलभाचां चेडू इलां हा म्हाराजा! ल्हान आसा. लिवता. लिवताना काय चुकला माकला आसात, तर पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज पायरीखालून आला, इनासबाबांचा. माझे कान तापले. मी या हुंकारात सामील झाले नाही. देवीमुळे नव्हे, ते माझ्याबद्दलचं वाक्य होतं, आणि त्याला होकार गावानेच द्यायचा होता.

बाहेर पडताना मास्तरांनी मला गाठलं. "घाड्यान फसवल्यान. आमची पणती म्हटल्यार माका व्हय म्हणूकच व्हया! पुढल्या वर्साक फर्नांडिसाचां वाक्य सवतां करूक सांगतलंय."

"तेव्हाही गाव व्हय म्हणेल, मास्तर."

"बघूया," ते म्हणाले, आणि खाज्याचा पुडा माझ्या हातात दिला.

त्या दिवशी इनासबाबांनी दोन वेळा भात मागून घेतला.

कोल्हापूर

परत आल्यावर दुसऱ्या आवृत्तीची जुळणी बाहेर काढली. वडील बाजूला उभे होते. मी चिमट्याने सतराव्या ओळीतल्या अक्षरांचे खिळे एकेक करून उचलले आणि त्यांच्या खणांत परत टाकले. वडिलांनी विचारलं, "तिथे काय?" मी म्हटलं, "काही नाही. जागा कोरी ठेवू."

रोझीला फोन केला. तिने फोन सासऱ्यांकडे दिला.

"बाबा, ओळ काढली."

"बरां केलंस. थंय काय घातलंस?"

"काही नाही. रिकामी ठेवली."



"रिकामी ठेव नको गो चेडवा," ते म्हणाले. "सुधाकर मास्तर थंय कायतरी लिवतलो."

म्हणून हे सगळं लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत नवव्या पानावर, त्या ओळीच्या जागी, हे जाईल. पानं वाढतील. वडील म्हणतात, वाढू देत.